लोखंड उंबऱ्याबाहेर

नानांच्या घरात शिरायचं तर आधी अंगावरचं लोखंड उतरवावं लागे. ओट्याच्या कोपऱ्यात त्यासाठी वेताची एक टोपली ठेवलेली असायची. खुरपं, कोयता, किल्ल्यांचे जुडगे, नट आवळायचे पाने, सगळं तिच्यात टाकायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. सोनं-चांदी चाले, तांबं-पितळ चाले, लोखंडाला मात्र सक्त मनाई. पुरुषांचं एक वेळ भागून जायचं, पण बायकांच्या केसांतल्या पिना, पदराच्या पिना, सगळ्यांची झडती व्हायची. मी लग्न होऊन आले आणि नानींनी हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा माझ्या पिना टोपलीत गेल्या आणि अंबाडा सुटून पाठीवर आला. "ब्लाउजच्या हुकांचं काय करू?" असं मी घाबरून कुजबुजले, तर नानी आतून मोठ्यानं म्हणाल्या, "हुकाला माफी हाये गं बाई, ये आत!" नाना तेवढ्यात मागच्या दारानं गोठ्यात पळाले होते.

नाना म्हणजे आमचे महाळुंगे पडवळचे शेजारी. आमची आणि त्यांची भिंत एक. कोकणात समुद्रकाठी पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारी एक सरकारी वेधशाळा आहे, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. त्या इमारतीत म्हणे लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. सगळं दगड, लाकूड आणि तांबं. आतल्या सुया इतक्या हळव्या की बाहेरून बैलगाडी गेली तरी तिच्या चाकांवरच्या लोखंडी धावेची चाहूल त्यांना लागायची. अशा ठिकाणी जन्म काढलेला माणूस घरी परत आला आणि त्यानं आपल्या माजघराचीच वेधशाळा केली. खाटेचे खिळे उपटून लाकडी खुंट्या ठोकल्या. नानींचा तवा, विळी, सांडशी सगळं परसातल्या पडवीत गेलं. नानी भाकरी करायला पडवीत जायच्या आणि जाता-येता म्हणायच्या, "म्हातारपणी लोकांना देवाचं याड लागतं, आमच्या ह्यांना सुईचं लागलंय."

आता ती सुई. लोणच्याची एक मोठी काचेची बरणी, तिच्यात रेशमाच्या धाग्यानं टांगलेला बोटभर लोहचुंबक, आणि त्याला डकवलेला कुंकवाच्या डबीतला आरसा. धागा नानींच्या लग्नातल्या शालूचा होता आणि त्याबद्दल त्यांनी नानांना कधी माफ केलं नाही. आरशावर एका बारक्या बल्बचा उजेड पडायचा आणि त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर उमटायचा. सुई केसभर हलली तर ठिपका बोटभर हलायचा. भिंतीवर कोळशानं रेघा मारलेल्या होत्या. नाना लाकडी खाटेवर बसून त्या ठिपक्याकडे बघत राहायचे, आपण टीव्ही बघतो तसे.

माणूस उंच, वाळका. कमरेला पट्टा नाही, नाडीची विजार. हातात घड्याळ नाही, कारण घड्याळ स्टीलचं. त्यामुळे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला "वाजले किती?" विचारायचे आणि मग "तुमचं मागं आहे," म्हणायचे. बाहेर पडताना बांबूच्या दांडीची छत्री कायम उघडी, पावसाळा असो नाहीतर पौषातली थंडी. मुलं मागून ओरडायची, "सुईवाले नाना, ऊन चावतं का?" नाना वळून गंभीरपणे सांगायचे, "आज नाही चावत. आज ठीक आहे." बोलणं एरवी शुद्ध, सरकारी. पण घाबरले की भाषा झपकन गावावर यायची, त्यामुळे नाना खरे घाबरलेत की उगाच काळजी करतायत हे आम्हाला ऐकूनच कळे.

आणि नाना घाबरट होते, हे सांगितलंच पाहिजे. एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फक्त त्यांची भीती आपल्यासारखी नव्हती. साप निघाला तर काठी घेऊन हेच पुढं. स्मशानाच्या वाटेनं खुशाल एकटे यायचे. त्यांना भीती होती सूर्याची.

एकदा दुपारी मी त्यांना सरळ विचारलं. नानी शेंगा फोडत होत्या, मीही हात लावत होते. नाना ठिपक्यावरची नजर न काढता म्हणाले, "सूर्यावर डाग पडतात, माहीत आहे ना तुला? तिथं कधी कधी भडका उडतो. त्याचा उजेड लगेच पोचतो, पण तिथून फुटून निघालेला वायू मागून येतो. एक दिवस, दोन दिवस. आधी सांगावा, मग पाहुणा. आपल्या दिशेनं आला तर पृथ्वीवर आदळतो आणि पृथ्वीचं सगळं चुंबकत्व हादरतं. मी नोकरीत असताना एका मार्च महिन्यात असा पाहुणा आला होता. आमच्याकडे कागदावर रेघ उमटायची. रोज सरळ, थोडी वर, थोडी खाली. त्या दिवशी रेघ खाली जायला लागली. जात राहिली. आणि कागदाच्या बाहेर गेली."

"मग?"

"मग काय? कागद संपला. पुढं ती कुठवर गेली हे मला दिसलंच नाही." नानांनी भिंतीवरच्या शेवटच्या रेघेकडे बोट केलं. "पलीकडे कॅनडात अख्खा एक प्रांत अंधारात गेला त्या वादळानं. विजेच्या तारांत आपोआप वीज घुसली. दवाखाने, आगगाड्या, सगळं बंद. आणि ते काही सगळ्यात मोठं नव्हतं. त्याहून मोठी येऊन गेलीत. तेव्हा घरोघर वीज नव्हती म्हणून कुणाचं अडलं नाही एवढंच."

त्या दिवसापासून मलाही ऊन जरा वेगळं वाटायला लागलं. अंगणात मिरच्या वाळत घालताना वर बघायचं धाडस होईना.

मंचरच्या बाजारातले एक शेठ आमच्याकडे बटाट्याचा सौदा करायला यायचे. राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, पण मराठी आमच्याहून चोख. एकदा त्यांनी नानांना भेटायची हौस केली. चपला बाहेर काढल्या, टोपलीकडे लक्ष गेलं नाही, आणि कमरेला गोदामाच्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा तसाच. शेठ माजघरात जाऊन बरणीवर वाकले मात्र, भिंतीवरचा ठिपका सरसर घसरत कोपऱ्यात गेला आणि दिसेनासा झाला. नाना खाटेवरून उठले ते भिंतीला टेकूनच उभे राहिले. तोंड पांढरं फटक. "आलं, आलं! नाने, मीटरचा खटका पाड! आलं ते!" शेठ बिचारे घाबरून मागं सरकले, तसा ठिपका कोपऱ्यातून परत आला. तेव्हा कुठं नानांच्या डोक्यात उजेड पडला. शेठ हात जोडून म्हणाले, "नाना, माफ करा. आमच्या किल्ल्यांनी एवढी उलथापालथ होत असेल असं वाटलं नव्हतं." आम्ही पुढं कितीतरी दिवस हसत होतो. पण नानांनी संध्याकाळपर्यंत मीटरचा खटका वर करू दिला नाही.

आणि हाच माणूस ग्रहणाला मात्र अजिबात भीत नसे. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. गावानं दारं लावली, पाण्यावर तुळशीची पानं टाकली, पोटुशा बायकांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. चिरायचं नाही, फाडायचं नाही, गाठ मारायची नाही. अशा वेळी नाना अंगणाच्या मधोमध पाट मांडून भाकरी आणि कांदा खात बसले. तेही बिनछत्रीचे! माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, खिडकीच्या फटीतून बघून किंचाळल्या, "आवो नाना, बाटंल की सगळं!"

"वहिनी, ग्रहण म्हणजे नुसती सावली," नाना घास चावत म्हणाले. "सावलीला काय भ्यायचं? भ्यायचं ते उजेडाला."

हे वाक्य गावात पुष्कळ दिवस फिरलं. लोक चेष्टेनं म्हणायचे, पण आत्याबाईंनी ते मनात ठेवलं होतं. कसं ठेवलं होतं, ते आम्हाला आठ वर्षांनी कळलं.

दोन हजार तीनची दिवाळी झाली होती. माझी नणंद शोभा पहिल्या बाळंतपणासाठी निरगुडसरहून माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. भाऊबीजेला नाना आमच्याकडे फराळाला आले तेच उतरलेल्या चेहऱ्यानं. ते जुन्या दुर्बिणीतून सूर्याचा कवडसा पांढऱ्या कागदावर पाडून बघायचे. आम्हाला कुणाला डोळा लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला तो कागद दाखवला. सूर्याच्या वाटोळ्या कवडशावर काजळाचं बोट उठल्यासारखे मोठे काळे डाग होते. "एवढे मी कधी पाहिले नाहीत," नाना म्हणाले. "आणि मध्यावर आलेत. म्हणजे तोंड आपल्याकडे."

त्यानंतर एक दिवस संध्याकाळी, ऊन अजून ओट्यावर होतं तेव्हा, त्यांचा रेडिओ गप्प झाला. नाना तो ओट्याच्या टोकाला, माजघरापासून लांब ठेवायचे आणि परदेशी स्टेशनं ऐकायचे. खरखर नाही, शिट्टी नाही, स्टेशनंच गेली. नानांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग त्यांनी छत्री मिटली, ओट्यावर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगावा आला गं पोरी."

"पाहुणा कधी?"

"उद्या. न्हाईतर परवा."

न्हाईतर, म्हणाले. म्हणजे नाना खरे घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी नानींनी भिंतीवर थाप मारली. मी आणि आत्याबाई धावलो. आत्याबाईंनी कमरेच्या किल्ल्या टोपलीत टाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माजघरात आल्या. भिंतीवरचा ठिपका एकदम दचकल्यासारखा उडाला होता आणि आता हळूहळू सरकत होता. कोळशाच्या रेघा ओलांडायचा, थांबायचा, थरथरायचा, मागं यायचा, पुन्हा निघायचा. या वेळी कुणाच्या किल्ल्या नव्हत्या. खोलीत हलणारं काहीच नव्हतं, आणि तरी तो हलत होता. कुणीतरी घरात शिरलंय आणि दिसत नाहीये, असं मला वाटलं.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "नाना, कवा सुटंल ह्ये?"

"दोन दिस, तीन दिस. मागनं आनखी एक येतंय वाटतं." नानांची नजर भिंतीवरून हलत नव्हती.

"मग काय करायचं आमी?"

"घरात बसा, वहिनी. दुसरं काय करणार?"

ते म्हणाले होते आपले सहज, भेदरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं. पण आत्याबाईंनी घरी येऊन सरळ दारं लावून घेतली. त्यांचं गणित चोख होतं. ग्रहणात भाकरी खाणारा माणूस ज्याला भितो, ते ग्रहणाहून किती वाईट असेल? ग्रहणाचे वेध काही तासांचे, याचे तीन दिवसांचे. शोभाला आतल्या खोलीत बसवलं. खिडकीला घोंगडी लावली. खाणं बंद, फक्त तुळशीचं पान टाकून दूध. उठायचं नाही, चिरायचं नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमचे हे म्हणाले, "आई, नानांचं ते विजेचं असतं, माणसाचं नाही." आत्याबाई म्हणाल्या, "तुला काय कळतंय? मी डोळ्यांनी बघून आलेय. त्यो ठिपका नाचतोय तिथं." संध्याकाळी केबल बंद पडली. पाठोपाठ लाइट गेली. लाइट आमच्याकडे रोजच जायची, पण त्या दिवशी घरात कुणी तसं म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोभाला कळा सुरू झाल्या. यांनी जीप काढून उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणलं. त्यांनी पोट चाचपलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मूल पायाळू दिसतंय. पाय खाली आहेत. इथं नाही होणार, लगेच मंचरला न्या."

हे आत्याबाईंनी ऐकलं आणि त्यांनी दारातच बसकण मारली. पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. "पायाळू पोर, आन वर असलं वादळ! आन तुमी म्हंताय तिला उघड्यावर न्या? सुटल्याबिगर मी न्हेऊ देनार न्हाई. माझ्या अंगावरनं जा." आतून शोभा ओरडत होती. यांचा आवाज चढला, आत्याबाईंचा त्याहून चढला. नर्सबाई घड्याळाकडे बघत होत्या. मी पिना काढायचंही भान न ठेवता नानांच्या घरी पळाले. ठिपका मला बघून हेलपाटला. नाना दोन दिवसांत सोलवटून निघाले होते. दाढी वाढलेली, ताट शेजारी तसंच झाकलेलं.

मी सगळं सांगितलं. नाना खाटेवरून उठले. "पोटातल्या पोराला?" ते म्हणाले. "अगं, पण माणसाला काही होत नाही त्यानं! सुईला होतं, तारांना होतं. मी असं कुठं म्हणालो?"

"मग चला आणि सांगा."

ते आले. बाहेर लख्ख ऊन होतं. छत्री विसरली हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते अर्ध्या अंगणात होते. क्षणभर थबकले आणि तसेच पुढं आले. दारात हात जोडून म्हणाले, "वहिनी, शपथेवर सांगतो, माणसाला ह्याचं काही नसतं. पोरीला जाऊ द्या."

आत्याबाईंनी दारात बसूनच विचारलं, "मान्साला काय नसतं, तर नाना, तुमी का भ्यालाय? दोन दिस तुमी जेवला न्हाई, नानीनं सांगितलंय मला. ह्ये बघा, तुमचं हात कापत्यात. सुटलंय का? खरं सांगा."

नानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते खरंच कापत होते. खोटं त्यांना कधी बोलता आलं नाही. "न्हाई," ते म्हणाले. "अजून सुटलं न्हाई."

"मग न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

आतून शोभाचा आवाज आला, पण या वेळी ओरडण्याचा नव्हता. बारीक, दमलेला. नर्सबाई पळत आत गेल्या. नानांनी तो आवाज ऐकला आणि माझा दंड धरून मला ओट्याच्या कडेला नेलं. "तुमच्यात लोखंडाची पहार कुठं असती?"

"गोठ्यात."

"काढ. पाटाखाली घाल, वर सतरंजी टाक. त्यांना दिसू देऊ नको." एवढं बोलून ते घरी गेले.

मला काहीच कळलं नाही, पण मी केलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती बरणी होती. दहा-बारा वर्षांत जागची न हललेली बरणी त्यांनी पोटाशी धरून उन्हातून आणली आणि आमच्या सोप्यात, विळ्या-कोयत्यांच्या घरात, त्या सतरंजीवर ठेवली. मागं नानी बल्ब आणि बॅटरी घेऊन. सुई एकदा गर्रकन फिरली आणि पहारेकडे तोंड करून जी थांबली ती थांबलीच. ठिपका भिंतीवर पडला. खिळा ठोकल्यासारखा.

"बघा, वहिनी," नाना म्हणाले. "हलतंय का?"

आत्याबाई भिंतीजवळ गेल्या. पापणी न हलवता बघत राहिल्या. ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. बाहेर जीप चालू होती. मला एकच भीती, सतरंजीचं टोक वर उचललं जाईल. नानी माझ्याकडे बघत नव्हत्या, मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

"थांबलं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीला हात जोडले. "सुटलं गं बाई. अंघोळ घाला तिला."

"अंघोळ मंचरला!" नर्सबाई कडाडल्या. शेवटी तांब्याभर पाणी शोभाच्या पायांवर ओतून तिला जीपमध्ये घातलं.

नाना पुढच्या सीटवर बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सबंध रस्ता त्यांनी काचेतून वर मान करून काढला. हायवेला लागलो तर कांद्याच्या ट्रकांची ही रांग. यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. मी मागं शोभाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि नाना पुन्हा पुन्हा एकच पुटपुटत होते, "लाइट टिकू दे. तेवढी लाइट टिकू दे." तेव्हा मला त्यांची भीती पहिल्यांदा नीट समजली. आत्याबाई उन्हाला भीत होत्या, नाना ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा जाण्याला.

दवाखान्यात शिरताच त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "जनरेटर आहे ना?" बाईंना वाटलं म्हातारा भ्रमलाय. त्यांनी शोभाला तपासलं आणि लगेच आत घेतलं. सिझर करावं लागणार होतं. दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. आम्ही बाकड्यावर, नाना उभे, नजर त्या लाल दिव्यावर.

आणि लाइट गेली.

पंखा गरगरत थांबला. लाल दिवा विझला. भर दुपारी त्या बोळात अंधारून आल्यासारखं झालं. आतून कुणीतरी ओरडलं, पावलं धावली, बाहेर जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा. परत. परत. नाना भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली फरशीवर बसले आणि त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. "मी आनलं तिला हितं," ते म्हणत होते. "मी खोटं बोलून आनलं." मी त्यांच्या शेजारी बसले. सूर्यानं घालवली की रोजच्यासारखी गेली, हे कळायला काही मार्ग नव्हता. कुणाला कधी कळलंही नाही.

मग जनरेटर फटफटला. लाल दिवा मिणमिणला, लागला. आम्ही त्याच्याकडे बघत किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी आतून रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिल्लाएवढं. नानांनी कानांवरचे हात काढले आणि मला विचारलं, "तीच ना?" मुलगी आहे हे अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचाच भरवसा नव्हता. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हनूनच सुटायची वाट बघत व्हते मी." सिझर होऊन आलेली पोर पायाळू धरायची की नाही यावर त्यांनी पुढं महिनाभर सगळ्या गावाशी वाद घातला. पहारेचं मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता त्या गेल्या, म्हणून लिहिते. नाव काय ठेवायचं म्हणून शोभाच्या सासरच्यांनी मोठ्या मनानं नानांना विचारलं. ते म्हणाले, "सावली ठेवा."

पहार लागल्यापासून सुई नीट राहिली नाही, असं नाना म्हणायचे. तिच्यात फरक पडला होता की त्यांच्यात, कोण जाणे. त्यांनी तिला परत जागेवर टांगलं, नवा धागा नानींनी आपण होऊन काढून दिला, पण त्यांचा पहिल्यासारखा विश्वास उरला नाही. मी एकदा म्हणाले, "नाना, एक जीव वाचला हो." ते म्हणाले, "दोन वाचले. पण सुईला खोटं बोलायला लावलं मी. आता ती उद्या म्हणाली, काही नाही, तर मी कसं मानू?"

पुढं सूर्य शांत झाला. दोन हजार आठ-नऊ साली तर महिनेच्या महिने कवडशावर एक डाग दिसत नसे. ठिपका भिंतीला चिकटल्यासारखा. पोरं विचारायची, "सुईवाले नाना, आता तरी भीती गेली का?" तोवर त्यांचं बाहेर पडणं बंद झालं होतं. खाटेवरूनच म्हणायचे, "बडबड्या माणसाचं काही नाही रे. गप्प बसलेल्याची धास्ती."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या उन्हाळ्यात. पेज घेऊन गेले होते. पिना टोपलीत टाकल्या, आत गेले. नाना उशीला टेकून होते, नजर भिंतीवर. हात हाती घेतला तर नुसती काडी. दुपारची वेळ, सगळं गाव निजलेलं. मी पितळी चमचा पुढं केला आणि नाना एकदम ताठ झाले.

ठिपका सरकत होता. एक रेघ ओलांडली. दुसरी. थांबला, थरथरला.

नानांची बोटं माझ्या मनगटात रुतली. "आलं," ते म्हणाले. मी खोलीत नजर फिरवली. टोपली बाहेर, पिना बाहेर, नानी पडवीत. कुठंच काही नव्हतं. ठिपका आणखी सरकला. इतक्या वर्षांनी मला परत वाटलं, कुणीतरी घरात शिरलंय. आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत राहिलो, आणि खरं सांगते, मला खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, अगदी खिडकीखालून, सायकलची घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. सुट्टीला आजोळी आलेल्या सावलीनं आपली छोटी सायकल नेमकी बरणीच्या मागच्या भिंतीला आणून टेकवली होती.

मी उठले. तिला ओरडायला खिडकीकडे निघाले, तर नानांनी हात सोडला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "लोखंड राहू दे तिथंच."